फायबर होडीच्या ट्रान्समला आत काय घालावं: मरीन प्लाय, साग की फोमचा बोर्ड?

तुमची १८ फुटी होडी, ४० एचपीचं आउटबोर्ड, ट्रान्सम (इंजिन टांगतो ती होडीची मागची फळी) आतून कुजलाय आणि नवीन गाभा कशाचा घालावा असं तुम्ही विचारलंय. मरीन प्लाय घाला. आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं, १८ मिमीचे दोन थर एकमेकांना चिकटवून. माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे. पण याच प्रश्नावरून माझं आणि दादाचं कित्येक वर्षं वाजलंय, म्हणून सगळं लिहितो.

आमची होडी मालवणकडची, जाळ्याची. पहिला ट्रान्सम बांधणाऱ्याने साध्या प्लायचा करून दिला होता, ते आम्हाला कळलं तीन वर्षांनी. इंजिन वर उचलून त्याच्या पायावर हाताने दाब दिला की अख्खी मागची फळी हलायची. बोल्ट काढला तर भोकातून चहासारखं पाणी आलं आणि कुजक्या पाल्याचा वास. जून लागलेला, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, होड्या शाकारलेल्या. मामा जन्मभर लाकडी होड्या बांधत आलेले. ते म्हणाले, "सागाक काय होना नाय." त्यांच्या शब्दापुढे मी काही बोललो नाही. सागाच्या जाड फळ्या घातल्या, वरून मॅट (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चटई) आणि पॉलिस्टर रेझिन.

दुसऱ्या वर्षी खालच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली. उघडून बघितलं तर साग ठणठणीत, पण फायबर त्याच्यावरून पापडासारखं सुटलेलं. मामांचं म्हणणं खरंच होतं, सागाला काही झालं नव्हतं. फक्त सागात तेल असतं, रेझिन त्याला धड धरत नाही, आणि अखंड फळी ओल लागली की रुंदीत फुगते, उन्हात आकसते. लाकडी होडीत फळीला हलायला वाव असतो. फायबरमध्ये कोंडलेल्या फळीला तो मिळत नाही, मग ती फायबरच सोडवते. प्लायचे थर आडवे-उभे असल्यामुळे तसं फुगत-आकसत नाही.

तिसऱ्यांदा काम मी स्वतः केलं, तेही दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. ऐन हंगामाचे १२ दिवस गेले. दादा तेव्हापासूनच चिडलेला. आतली कातडी, म्हणजे गाभ्यावरचा फायबरचा थर, कापली, बाहेरची तशीच ठेवली म्हणजे आकार जात नाही. सगळा जुना गाभा खरवडून काढला, चार दिवस वाळू दिलं. प्लायच्या कडा इपॉक्सीने (पॉलिस्टरपेक्षा घट्ट धरणारं रेझिन) दोनदा पाजल्या, कारण पाणी प्लायच्या सपाट अंगातून नाही, कडेतून शिरतं. बाहेरच्या कातडीला एरोसिल (रेझिन दाट करायची बारीक पूड) घालून दाट केलेलं इपॉक्सी लावून प्लाय बसवलं आणि मधे हवा राहू नये म्हणून बोल्टांनी आवळलं. इंजिनच्या १२ मिमी बोल्टांसाठी आधी २० मिमीची भोकं पाडली, ती दाट इपॉक्सीने भरली, वाळल्यावर त्याच्या मधोमध १२ ची भोकं घेतली. बोल्टाला लाकूड लागतच नाही.

दोन वर्षांनी दादाने मासे शोधायचा फिशफाइंडर आणला. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडणारा भाग, मागच्या फळीला, पाण्याच्या रेषेखाली, दोन स्क्रू मारून लावला. वर बोटभर सिलिकॉन. मला विचारलं नाही. पुढे तीन वर्षांत तो कोपरा ओला लागला, हातोडी मारली की बद आवाज. दादाने अख्ख्या वाडीत सांगितलं, "लाकूड आसा ता, कुसतलाच." आणि स्वतःच्या नव्या होडीला फोमचा बोर्ड घातला.

मी तो ट्रान्सम उघडला. कुज होती ती त्या दोन स्क्रूंभोवती, जेवणाच्या ताटाएवढी. बाकी प्लाय इतकं कोरडं की पटाशी मारली तर खणकत होती. इंजिनच्या चारही बोल्टांभोवती, जिथे सगळा भार आणि सगळे हादरे येतात, तिथे डागसुद्धा नव्हता. मला यापेक्षा जास्त पुरावा नको. दादा बघायला आला नाही.

आता फोमबद्दल. होडीच्या तळात आणि डेकमध्ये वापरतात तो घनमीटरला ८० किलोचा पीव्हीसी फोम ट्रान्समला चालत नाही. बोल्ट आवळला की चिरडतो. चालतो तो काचेचे धागे घातलेला जड पीयू (पॉलियुरेथेन) बोर्ड, कूसा कंपनीच्या बोर्डासारखा, घनमीटरला ४१५ किलोच्या आसपासचा. तो कुजत नाही हे खरं, आणि तुम्हाला परवडत असेल तर जरूर घाला. पण वजन वाचतं म्हणून घालू नका. तुमच्या मापाच्या ट्रान्समला प्लायचं वजन वीसेक किलो होईल, बोर्डचं बाराच्या जवळपास. आठ किलोसाठी? मागे टांगलेलं इंजिन सत्तरच्या वर आहे. आणि बोर्ड घातला तरी भोक सीलबंद करावंच लागतं. पाणी बोर्ड आणि फायबरच्या मधे शिरलं तर जोड सुटतो. दादाने त्या बोर्डातही तसेच स्क्रू मारलेत.

राहिलेलं थोडं. इपॉक्सी वापरणार असाल तर साधी चॉप मॅट घेऊ नका. तिचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत ती ताठच राहते. बायअॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्या. इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) नीट धरत नाही, त्यापेक्षा रंग द्या. जूनमध्ये काम करायचंच असेल तर ताडपत्रीखाली कितीही झाकलं तरी हवेतली ओल जात नाही, तेव्हा थांबता आलं तर थांबा. आणि मी सांगतोय ते एका मध्यम इंजिनपुरतं. दोन मोठी इंजिनं टांगायची असतील तर जाडी माझ्या शब्दावर ठरवू नका, नौका आखणाऱ्या माणसाकडून काढून घ्या.

ट्रान्सड्यूसर लावायचा असेल तर फायबरचा जुना जाड तुकडा तळहाताएवढा कापा, ट्रान्समला बाहेरून इपॉक्सीने चिकटवा आणि स्क्रू त्या तुकड्याच्या जाडीतच थांबतील एवढे आखूड घ्या. असा तुकडा मी दादाच्या होडीसाठीही कापून, घासून ठेवलाय. पडवीत आहे.