पत्रक चिनीत आहे, पण वाटी कुणाची?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मेलबर्नमध्ये बॉक्स हिलच्या बाजूला डायबिटीस एज्युकेटर म्हणून रुजू झालात, पेशंट बरेचसे चिनी आहेत, पत्रकं चिनीत करून वाटली, सगळे माना डोलावतात आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, जागच्या जागी. सिडनीत हेच काम मी १४ वर्षं करतेय. माझी सुरुवात तर याहून फजितीची होती.

पहिल्याच वर्गाला मी मँडरिनची दुभाषी बोलावली आणि सरलीकृत लिपीतली पत्रकं नेली. समोर बसलेले आजी-आजोबा बहुतेक हाँगकाँगचे. बोलणार कँटोनीज, वाचणार पारंपरिक लिपी. एका आजोबांनी पत्रकाची घडी घालून त्यावर चहाचा कप ठेवला. तेव्हापासून अपॉइंटमेंट देतानाच विचारते: बोलता कोणती भाषा, वाचता कोणती लिपी, मूळ गाव कुठलं. उत्तरेकडच्यांचं पोट नूडल्स आणि मंथौ म्हणजे वाफवलेल्या पावांवर, दक्षिणेकडच्यांचं भातावर. भाकरी खाणाऱ्याला कोकणातला आहारतक्ता दिल्यासारखं होतं नाहीतर.

'अर्धी प्लेट भाज्या, पाव प्लेट भात' हे चित्र आधी बाजूला ठेवा. त्या घरात जेवण प्लेटमध्ये नसतंच. भाताची वाटी हातात, भाज्या-मासे टेबलाच्या मधोमध, सगळ्यांचे मिळून. मी प्रत्येकाला घरची वाटी घेऊन यायला सांगते. एक आजी निळ्या नक्षीची वाटी घेऊन आल्या, "एकच वाटी खाते" म्हणाल्या. त्यांच्याच हाताने भरून मोजली तर दीड मेजरिंग कप, म्हणजे ६५-७० ग्रॅम कर्बोदकं. आजी वाटीकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे, कारण दुसऱ्यांदा वाढणारी तीच. पुढच्या वेळी लहान वाटी आली. मी एक शब्द बोलले नव्हते.

चिनीत या आजाराला थांगन्याओपिंग म्हणतात, शब्दशः साखर-लघवी-आजार. आपल्या 'मधुमेहा'ची सख्खी बहीणच. त्यामुळे "मी गोड खातच नाही, मग मला कसा झाला?" हा प्रश्न तिथेही ठरलेला. आणि उष्ण-थंड पदार्थांचा हिशोब! इथे आपण मराठी माणसं पुढे आहोत, कारण आंबा उष्ण पडतो हे ऐकतच मोठे झालो. कच्चं सॅलड ज्येष्ठांना 'थंड' वाटतं, ते खाणार नाहीत. उकळत्या पाण्यातून काढलेली किंवा लसूण घालून परतलेली बोक चॉय ही चिनी पालेभाजी सांगा, आणि भाताआधी खायला सांगा. आजारपणात पातळ चोऊ, म्हणजे आपली पेज. तांदूळ शिजून विरघळलेले, साखर झरझर चढते. पण "पेज बंद" म्हणालात तर ते तुमच्याकडे येणं बंद करतील. तांदूळ कमी, त्यात अंडं किंवा मासा, इतकंच म्हणा.

काढे-जडीबुटी घेतात का, हे रागावून विचारू नका, सहज विचारा आणि पुडी बघायला मागा. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकलेल्या काही गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध सापडलेलं आहे. साखर अचानक खाली गेली तर आधी तिथे बघा.

'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांना सांगा की आशियाई लोकांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच सावध राहायचं, २५ ची वाट बघायची नाही. आणि "हे पाश्चात्त्यांचं शास्त्र" असा सूर लागला की मी डाचिंगचं नाव काढते. चीनमधल्या त्या शहरात १९८६ मध्ये, साखर हद्दीवर असलेल्या ५७७ जणांपासून एका अभ्यासाची सुरुवात झाली. सहा वर्षं आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, आणि ३० वर्षांच्या पाठपुराव्यात मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं पुढे ढकललेला दिसला. खोलीतला सूरच बदलतो.

गरोदरपणातल्या मधुमेहाचं विचारलंत. बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, आपला सव्वा महिनाच समजा. बाळंतपणानंतरची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी ६ ते १२ आठवड्यांत हवी, आणि तुमच्या केंद्राने सहाव्या आठवड्याची तारीख दिली तर बरेचदा ती हुकते. मी आठव्या आठवड्यातली देते, आणि ती बाळंतिणीच्या आईला किंवा सासूला कॅलेंडरवर लिहून घ्यायला लावते. त्या महिन्यात घर त्यांच्याच हातात असतं.