पहिल्यांदाच ‘मोबी डिक’ वाचतोयस तर...

भाऊ, ही हर्मन मेलव्हिलची देवमाशाच्या शिकारीवरची इंग्रजी कादंबरी, पण देवमाशाची वाट बघत बसू नकोस. 135 प्रकरणं आहेत आणि तो पांढरा देवमासा प्रत्यक्ष समोर येतो शेवटच्या तिनांत. शिकारी जहाजाचा कॅप्टन एहॅबसुद्धा 28व्या प्रकरणात पहिल्यांदा दिसतो. मी पहिल्या खेपेला 32व्यातच अडकलो. तिथं लेखक देवमाशांच्या जाती पुस्तकांच्या आकारांप्रमाणे लावत बसतो. पुस्तक दोन वर्षं माळ्यावर गेलं. तू अडकलास तर ते प्रकरण खुशाल सोड, नंतर परत ये.

आपण तापीकाठची माणसं, पावसाळ्यातला पूर हाच आपला समुद्र. म्हणून वहीच्या मागच्या पानावर जहाज काढून ठेव: तीन डोलकाठ्या, शिडं, देवमाशाच्या जबड्याचा सुकाणूचा दांडा, कडेला टांगलेल्या होड्या. शिकार या होड्यांतून होते, एवढं कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

96वं प्रकरण मात्र घाईनं उरकू नकोस. डेकवर विटांची भट्टी, दोन मोठ्या कढया, त्यात देवमाशाची चरबी वितळतेय आणि जळण म्हणून त्याच चरबीचा चोथा. गुऱ्हाळात उसाच्याच चिपाडावर रस कढतो ना, तसंच. फक्त वास गुळाचा नाही!

इंग्रजी जड गेलं तर मोठ्यानं वाच, दर ओळीला शब्दकोश नको. आणि शेवटचा छोटा उपसंहार वगळू नकोस. 1851च्या लंडन आवृत्तीत तो छापलाच नव्हता, आणि मग ही गोष्ट सांगायला कोण उरलं, म्हणून तिथले टीकाकार वैतागले होते.