जुनी, मोडकळीला आलेली टाटा 206 पिकअप रिस्टोअर करायला घ्यावी का? इंजिन चालू आहे, मालक 70 हजार म्हणतोय. पुढे इंजिन बदलता येईल का?

इंजिन चालू आहे हे मालकानं पहिल्याच वाक्यात सांगितलं असेल, तर आधी गाडीखाली वाका. ज्या गाडीच्या इंजिनाचं एवढं कौतुक होतं, तिचा पत्रा बहुतेक वेळा संपलेला असतो.

आम्ही दोन 206 बघितल्या होत्या. आम्ही म्हणजे मी आणि आमचे दाजी. दाजींचा ट्रान्सपोर्टचा धंदा, त्यामुळे गाडीतलं सगळं त्यांनाच कळतं. पहिली चिपळूणची. सेल्फ मारला की लगेच चालू, ताजा रंग, सीटला नवं रेक्झिन. दाजी लगेच इसार द्यायला निघाले. मी खिशातलं लोहचुंबक दरवाज्याच्या खालच्या कडेला लावलं, तर ते घसरून खाली पडलं. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. केबिनमधलं रबरी मॅटिंग उचललं तर खालचा रस्ता दिसत होता. केबिनच्या मागे, जिथे चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, चिखल साचून राहतो, तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर तो अर्धा आत गेला. वरून मस्त काळा रंग मारलेला. मालक म्हणे, "कोकणात एवढं चालतंच."

दुसरी जतकडची. इंजिन जाम, उंदरांनी वायरिंग खाल्लेलं, हौद्याला फाळका नाही, काचा नाहीत. पण चेसीवर हातोडी मारली की खणखणीत आवाज. दुष्काळी भागातली गाडी, तिला पाणी कुठून लागणार! मी ती घेतली. दाजी म्हणाले, "भंगारवाला किलोवर नेईल." आजही कुठल्या लग्नात भेटले की तेच: "चिपळूणची घेतली असतीस तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली असती."

आली असती हो. पण इंजिनाचा खर्च आधी सांगता येतो. बोअर, रिंग-पिस्टन, पंपाचं कॅलिब्रेशन, नोझल. कुठलाही जुना फिटर आणि लेथवाला कागदावर आकडा लिहून देतो. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, ही गाडी 1988 मध्ये काढली, आणि तिच्यावरूनच पुढे टाटाच्या सिएरा आणि इस्टेट या गाड्या आल्या, त्यामुळे सामान शोधलं की सापडतं. सडलेल्या चेसीचा आकडा कोण लिहून देणार? एक पट्टी जोडली की तिच्या शेजारची उघडी पडते. शिवाय चेसी नंबर तिच्यावरच ठोकलेला असतो. तो भाग कापला की गाडी कुणाची हे आरटीओला सिद्ध करत बसा. ट्रान्सपोर्टवाल्यांना गाडी उद्या भाड्यावर हवी असते म्हणून ते इंजिन ऐकतात. आपल्याला ती उद्या नको आहे.

70 हजार जास्त की कमी, हे गाडी न बघता कसं सांगू? चेसी आणि कागद धड असतील तर घासाघीस करून घ्या. चेसी सडलेली असेल तर फुकट दिली तरी नको.

कागदांचं मी शेवटी लिहितोय, पण बघायचे सगळ्यात आधी. आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का बघा. माझ्या गाडीवर एका पतसंस्थेचा होता, कर्ज कधीच फिटलेलं आणि ना हरकत पत्र कुणी घेतलेलंच नाही. ते काढताना इंजिनापेक्षा जास्त घाम आला. पिवळी पाटी, म्हणजे धंद्याची गाडी असेल तर आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेस फी 2022 पासून चांगलीच वाढली आहे. पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेज गाडी म्हणून नोंदणी करू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. 2021 च्या त्या नियमाला गाडी 50 वर्षांहून जुनी आणि खाजगी लागते, म्हणजे अगदी पहिली 206 सुद्धा 2038 च्या आधी त्यात बसत नाही.

आणि हो, घरापाशी सावलीची जागा नसेल तर हे सगळं विसरा. उघड्यावर एक पावसाळा काढला की जतची गाडीही चिपळूणची होते.

इंजिन बदलायचं म्हणताय, तर त्याला आरटीओची आधी परवानगी लागते, आणि न घेता बदललं तर पासिंगला अडकता, अपघात झाला तर विमावाला हात वर करतो. मूळचं 1,948 सीसीचं डिझेल इंजिन आवाज करतं, चढाला दमतं, पण कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होतं. ते काढून दुसरं बसव असं मलाही सुचवलं होतं. कुणी, ते सांगायला नको.