कोल्हापुरात वापरायला लक्झरी स्पोर्ट्स एसयूव्ही: नवी घ्यावी की सेकंड-हँड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सगळं धरून बजेट ८५ लाख, राहणं कोल्हापुरात, महिन्यातून दोन-तीन वेळा पुणं, अधूनमधून कोकण आणि गोवा, घरात आई-वडील धरून पाच माणसं. या पैशात नवी बीएमडब्ल्यू एक्स३ किंवा मर्सिडीज जीएलसी घ्यावी, दोन-तीन वर्षं वापरलेली एक्स५ किंवा जीएलई घ्यावी, की सहा-सात वर्षांची पोर्शे कायेन किंवा रेंज रोव्हर स्पोर्ट?

माझं उत्तर: दोन-तीन वर्षं वापरलेली एक्स५ किंवा जीएलई. एकाच मालकाने वापरलेली, महाराष्ट्र पासिंगची, कंपनीची वॉरंटी शिल्लक असलेली. तशी मिळत नसेल तर बिनधास्त नवी एक्स३ घ्या. तिसरा पर्याय मी तुम्हाला सुचवणार नाही, आणि त्याचं कारण कोल्हापूर हेच आहे.

शिरोली एमआयडीसीत माझं मशिनिंगचं काम आहे, स्वतः सेकंड-हँड घेतलेली एक्स५ वापरतो, आणि ओळखीतलं कुणी अशी गाडी बघायला निघालं की मी सोबत जातो. त्या अनुभवावर लिहितोय.

आधी पैशाचं बोलू. सात वर्षांत गाडीचा बाजारभाव निम्म्याच्या खाली येतो, पण तिच्या स्पेअरचा भाव आजच्या नव्या गाडीचाच राहतो. दीड कोटीची गाडी पंचाहत्तर लाखांत मिळाली तरी वर्कशॉपमधलं बिल दीड कोटीच्या गाडीचं येतं. या गाड्यांत जिथे पैसे जातात त्या जागा ठरलेल्या आहेत. एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे (बेलो) असतात, त्यांना वयानुसार चिरा पडतात, हवा गळते, मग ती हवा भरत राहून कंप्रेसर जातो. एका चाकाचा स्ट्रट (फुगा आणि शॉक अॅब्सॉर्बरचा जोड) बदलायचा म्हटला तरी बिल लाखाच्या घरात. टायर वीस-एकवीस इंची, चारांचा सेट दीड-दोन लाखांचा; आणि ऑल-व्हील-ड्राइव्हला दोन नवे, दोन झिजलेले असं चालत नाही. टायरच्या घेरात फरक पडला की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर) सतत ताण येतो आणि तो भाग टायरपेक्षा कितीतरी महाग आहे. म्हणून जुनी गाडी बघताना चारही टायरचा ब्रँड, साइज आणि उरलेली नक्षी बघा. पुढे एक कंपनी आणि मागे दुसरीच दिसली तर आधीच्या मालकाने बाकी देखभाल कशी केली असेल, याचा अंदाज तिथेच येतो.

आता कोल्हापूर. आपल्या उद्यमनगरात काय होत नाही? बुश टर्न करून मिळतो, तुटलेलं कास्टिंग जोडून मिळतं, मेस्त्री नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखतो. मला या शहराच्या त्या हुनराचा मनापासून अभिमान आहे. पण या गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा लोखंडात नसतं, ते कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांमध्ये असतं. नवा भाग बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याचं कोडिंग केल्याशिवाय गाडी तो स्वीकारत नाही. म्हणजे शेवटी अधिकृत वर्कशॉप आलंच. त्यामुळे गाडी पसंत करायच्या आधी त्या कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचारा: कोल्हापूरला सगळ्यात जवळचं वर्कशॉप कुठे, तिथे फक्त ऑइल-फिल्टर होतं की गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनही उघडतात, आणि गाडी बंद पडली तर फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक) किती तासांत येतो. फ्लॅटबेडच लागतो, दोन चाकं उचलून ओढलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी आणखी बिघडते. पुणं आपल्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला जुनी कायेन परवडते, कारण त्याला वर्कशॉप जवळ आहे. तुम्हाला डॅशबोर्डवर लागलेल्या प्रत्येक छोट्या दिव्यासाठी एक दिवस मोडावा लागेल.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं हे तुम्ही बघितलंच असेल. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला होता, आणि कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. सांगलीत कृष्णेचं पाणी, २०२१ ला चिपळूण, त्याआधी २०१५ ला चेन्नई. पाण्यात बुडालेली गाडी विमा कंपनी टोटल लॉस करते, ती लिलावात जाते, कुणीतरी ती धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात विकतो. साध्या हॅचबॅकमध्ये हे एक वेळ निभावतं. जर्मन गाडीत वायरिंगचे जाड जुडगे कार्पेटखालून जातात, काही कंट्रोल युनिट सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. एक्स५ची बॅटरी डिकीत आहे, जुन्या कायेनची तर पुढच्या सीटखाली. कनेक्टरमध्ये एकदा ओल शिरली की हिरवट गंज हळूहळू चढतो आणि वर्षा-दीड वर्षाने एकेक गोष्ट बंद पडायला लागते. तेव्हा विकणारा फोन उचलत नाही.

बघायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का, किंवा उलट, बाकी गाडी जुनी आणि बोल्ट तेवढे कोरे आहेत का? डिकीतलं खालचं झाकण काढून कोपऱ्यात बोट फिरवा. कार्पेट एका बाजूने उचलून खालचा फोम दाबा. आत अगरबत्तीचा किंवा परफ्यूमचा जोरदार वास असेल तर संशय घ्या, काचा बंद करून गाडी उन्हात अर्धा तास ठेवा आणि मग दार उघडा. शिवाय अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवर सर्व्हिसचा इतिहास निघतो आणि विम्याच्या क्लेमचीही चौकशी करता येते. मालकाने ही चौकशी करायला नकार दिला तर किंमत कितीही चांगली असो, परत फिरा.

मीटर मागे फिरवलेला ओळखायला स्कॅनर लावा. किलोमीटर फक्त डॅशबोर्डवर नसतात, ते इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात. बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतही असतात. कागदांचं फार लांबवत नाही: वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, चलन, विमा तपासा, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात त्याला कारण आहे. तिथे डिझेल गाडीवर दहा वर्षांच्या मर्यादेचं सावट राहिलंय, म्हणून मालक लवकर विकायला काढतात. पण एमएच-०९ करून घ्यायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा आला. वीस लाखांच्या वरच्या नव्या गाडीला आपल्याकडे पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी वाचलेल्या पैशातला मोठा भाग तिथेच जातो. कटकट वेगळीच.

किमतीची घासाघीस करताना एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर ५० टक्क्यांवरून (२८ जीएसटी अधिक २२ सेस) ४० टक्क्यांवर आला. एक कोटी एक्स-शोरूमची गाडी त्या हिशेबाने साधारण साडेसहा लाखांनी उतरली. २०२३ ला घेतलेला मालक त्याचं जुनं बिल दाखवून ‘एवढ्याला घेतली होती’ म्हणेल. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासूनच मोजा, त्याच्या बिलापासून नाही.

नव्या एक्स३ऐवजी मी एक्स५ किंवा जीएलई का म्हणतो? तुमची पाच माणसं. एक्स३ आणि जीएलसी दोघांना मागे उत्तम, तिघांना पुण्यापर्यंत अवघड. मधल्या माणसाच्या पायात टनेलचा उंचवटा येतो. आई-वडिलांसाठी हा फरक मोठा आहे. एअर सस्पेन्शनच्या गाडीला खाली घेऊन चढता-उतरता येतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचं मोल कळतं. शिवाय एक्स५ ३०डीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. आंबा घाटात ट्रकच्या मागून निघायचं असतं तेव्हा त्या इंजिनाचा दम काय असतो तो एकदा अनुभवाच. जीएलई घेतलीत तर ३००डी चार सिलिंडरची आहे, ४५०डी सहाची; दोन्ही चालवून बघा. तुमचं हायवेचं रनिंग आहे, त्यामुळे डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबण्याची भीती कमी. फक्त राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच फिरणार असता तर मी पेट्रोल सांगितलं असतं.

रिम मात्र लहान निवडा. सातारा-कागल सहापदरीकरणाचे वळणरस्ते तुम्ही रोज बघता. एकवीस इंची रिमवरचा पातळ टायर तिथल्या एका खड्ड्यात बाजूने फाटतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गल्लीत संपवू नका. पन्हाळ्यावर न्या. चढताना गिअर बदलताना झटका येतो का, उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, ते तिथे समजतं. आणि आदल्या रात्री उभी केलेली गाडी सकाळी थंड असताना बघायची परवानगी मागा. एक कोपरा बसलेला दिसला तर एअर सस्पेन्शन गळतंय.

गाडी कंपनीच्या स्वतःच्या सेकंड-हँड विभागातून घेतलीत तर उत्तम. बीएमडब्ल्यूचं प्रीमियम सिलेक्शन आहे, मर्सिडीजचं सर्टिफाइड. दोन-चार लाख जास्त जातील, पण वॉरंटी तुमच्या नावावर लेखी येते. विम्यात झिरो-डेपसोबत (क्लेममध्ये भागांची घसारा-कपात न करणारं कव्हर) इंजिन प्रोटेक्शन घ्याच. साध्या पॉलिसीत पाणी शिरून गेलेलं इंजिन भरून मिळत नाही. आणि नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तुमच्या आताच्या गाडीचा बोनस नव्या पॉलिसीत वळवून घ्यायला विसरू नका.

तरीही मन कायेनवरच असेल, तर मी समजू शकतो. तिच्यासारखं स्टिअरिंग बाकी कुणाचं नाही. तेव्हा २०१८ नंतरच्या पिढीची बघा, पोर्शे अप्रूव्हड वॉरंटी मिळेल अशीच घ्या, पाच वर्षांवरच्या गाडीला झिरो-डेप द्यायला बऱ्याच विमा कंपन्या कां-कूं करतात म्हणून आधी कोटेशन काढा, आणि ८५ मधले किमान दहा लाख गाडीत न घालता बँकेत ठेवा. घरच्यांसाठी दुसरी गाडी दारात असेल तरच.