एक्स्टर्नल हार्ड डिस्क कोणत्या पोर्टला जोडावी?

आपल्या डेस्कटॉपला पुढच्या बाजूस यूएसबी २.० चे दोन पोर्ट, मागे निळे यूएसबी ३.० आणि एक ईसाटा (बाहेरून डिस्क जोडण्यासाठीचा वेगळा पोर्ट) आहे, आणि वेगासाठी टाइप-सी पोर्ट देणारे कार्ड आत बसवून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. डिस्क अडीच इंची, फिरत्या तबकडीची, १ टीबीची असल्याचेही आपण लिहिले आहे. तेवढ्यावरून माझे उत्तर असे, की ती मागच्या निळ्या पोर्टला, तिच्यासोबत आलेल्या वायरनेच जोडावी आणि कार्डाचा खर्च करू नये.

अशी डिस्क स्वतःच सेकंदाला साधारण १०० ते १३० मेगाबाइटपेक्षा अधिक वेगाने लिहू शकत नाही, आणि ती भरत आली की आतल्या भागात हा वेग आणखी उतरतो. यूएसबी २.० ची कागदोपत्री मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट (आठ बिटांचा एक बाइट), असली तरी हाती जेमतेम ३५ मेगाबाइट लागतात. म्हणजे ५०० जीबीचा बॅकअप घ्यायला तिथे चार तास जातील, तर यूएसबी ३.० वर सव्वा तासाच्या आसपास. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट आहे, जी या डिस्कला पुरून उरते, त्यामुळे १० गिगाबिटचे कार्ड घातले तरी तबकडी काही वेगाने फिरू लागणार नाही. ईसाटाचा वेग पुरेसा असतो, पण त्यातून वीज मिळत नाही आणि पोर्टेबल डिस्कला बहुधा ती खाचच नसते.

वेगापेक्षा विजेकडे लक्ष द्यावे, असे मला अनुभवाने वाटते. यूएसबी २.० पोर्टातून ५०० मिलिअँपिअर देण्याची तरतूद आहे, ३.० मधून ९००. माझी डिस्क मी पुढच्या पोर्टला एक्स्टेन्शन वायरने जोडत असे. ती टक-टक आवाज करून मध्येच दिसेनाशी होई, आणि ती गेलीच असे धरून मी नवीन डिस्कच्या किमती पाहू लागलो होतो. मागच्या पोर्टला थेट लावल्यावर ती मुकाट्याने चालू लागली. म्हणून स्वतंत्र वीज नसलेला यूएसबी हबही (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) मी टाळतो. साडेतीन इंची डिस्कची गोष्ट वेगळी. तिला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर लागतोच.

वायरीत मात्र फसगत होते. आपल्या डिस्कची खाच रुंद, दोन भागांची असेल, तर जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी वायर तिच्या मोठ्या भागात बरोबर बसते, डिस्क चालतेही, पण वेग यूएसबी २.० चाच मिळतो. टाइप-सी हे तर केवळ खाचेच्या आकाराचे नाव आहे; फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी वायरी आतून २.० च्याच असतात. पुढेमागे आपण एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, बरीच वेगवान डिस्क) घेतलीत, तर कार्डाचा विचार अवश्य करावा, पण त्याआधी मदरबोर्डवर त्याला साजेसा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (कार्ड बसवायची खाच) रिकामा आहे का, ते पाहून घ्यावे.