कंसातले पाचशे रुपये

मावशी, माझं वय ३१. नाशिकमधल्या एका सामाजिक संस्थेत सहा वर्षं प्रकल्प समन्वयक आहे. सुरगाणा तालुक्यात बालपोषणाचं काम करते. आमच्या सरांना बाहेर फार मान आहे, पण सोमवारच्या आढावा बैठकीची आम्हाला रविवार दुपारपासूनच धास्ती असते. मागच्या महिन्यात त्यांनी माझा अहवाल सगळ्यांसमोर भिरकावला. मी खाली मान घालून बसले. रजा मागितली की ‘आपण कुटुंब आहोत ना’, पगाराचं विचारलं की ‘पैसाच हवा तर अंबडला कंपनीत जा’. रात्री साडेअकराला ग्रुपवर फोटो मागतात. सोडून गेलेल्या दोघींशी बोलायलाही बंदी आहे. पगार २४ हजार, तोही उशिरा, आणि त्यातले २ हजार देणगी म्हणून संस्थेला परत. (गावात आमचं काम करणाऱ्या १४ प्रेरिकांना महिना ६ हजार मानधन आहे, त्यांचे पाचशे-पाचशे मी मासिक बैठकीत जमा करते, पावती लगेच देते. त्या बिचाऱ्या कधी काही बोलत नाहीत.) मला झोप लागत नाही. गावातली मुलं डोळ्यांपुढे येतात म्हणून सोडवतही नाही. सोडू की राहू?
— थकलेली कार्यकर्ती

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले.

सरांबद्दल तू जे लिहिलंस ते सगळं मला खरं वाटतं. असे सर मी पाहिलेत. व्यासपीठावर समतेवर बोलतात आणि ऑफिसात कुणाला पाणी प्यायला उठायची हिंमत होत नाही. त्यांच्याविषयी आणखी पानभर लिहून तुला बरं वाटेल, पण उद्या सकाळी हाती काही लागणार नाही. म्हणून ते बाजूला ठेवते.

मला त्या चौदा जणींविषयी बोलायचंय. महिन्याला पाचशे म्हणजे वर्षाचे ६ हजार. म्हणजे बारा महिन्यांतला एक महिना ती बाई फुकट राबते. उंबरठाण-बाऱ्ह्याकडच्या पाड्यांवर मुलांची वजनं घेत, गरोदर बायकांना दवाखान्यात नेत ती फिरते. तिच्या शेजारणी छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, ती तुझ्या कामासाठी मागे राहते. आणि तू तिला पावती देतेस. ८०जीची, म्हणजे आयकरात सूट मिळवून देणारी, असेलही. जिचं उत्पन्न आयकराच्या आसपासही जात नाही, तिला त्या कागदाचा उपयोग काय?

तू म्हणशील, मी पण देतेच की. हो, तू देतेस. पण तू दोन हजार देतेस तेव्हा पावतीबुक दुसऱ्याच्या हातात असतं. सुरगाण्यात ते तुझ्या हातात असतं.

याला कायद्यात जागा आहे आणि ती तुला ठाऊक असायला हवी. १९३६च्या वेतन कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे: कामगारानं मालकाला किंवा मालकाच्या हस्तकाला परत दिलेला पैसा ही पगारातली कपात धरली जाते. कपात कशाकशाची चालते ते तिथे एकेक करून लिहिलंय, मालकाच्याच संस्थेला देणगी त्यात कुठे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, हेही तिथेच आहे. संस्था म्हणेल, प्रेरिकांचं मानधन म्हणजे पगार नव्हे. म्हणू दे, कामगार उपायुक्तांपुढे म्हणू दे. पण तो ‘हस्तक’ शब्द पुन्हा वाच. तो तुझ्यासाठी आहे. मला हे लिहिताना त्रास होतोय, पण दुसरं कुणी तुला हे सांगणार नाही.

सरांची अडचण खोटी आहे असंही मी म्हणत नाही. देणगीदाराला वजनकाट्याचे पैसे द्यायचे असतात. ऑफिसचं भाडं, हिशेबनिसाचा पगार, वीजबिल यांना पैसे द्यायला कुणी राजी नसतं. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२०च्या कायदादुरुस्तीनं ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. कितीतरी संस्थांचे हात त्यानं बांधले गेले. मान्य. पण खड्डा पडला की तो सगळ्यात खालच्या बाईच्या कमरेच्या पिशवीतून भरायचा, हे कुणीतरी ठरवलं आणि तुम्ही सगळ्यांनी चालवून घेतलं. शिवाय देणगीदाराच्या कागदावर तिला पूर्ण ६ हजार मिळालेत. तो अहवाल कोण लिहितं? तूच ना?

आता ते वाक्य. ‘त्या बिचाऱ्या कधी काही बोलत नाहीत.’

२०१८च्या मार्चमध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून सहा दिवसांत १८० किलोमीटर चालत मुंबईला गेलेले ते हजारो लोक आठवतात तुला? वनजमिनीचे पट्टे मागायला गेले होते. सुरगाण्याची माणसं त्यात किती होती हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तळपायांची सालटं निघालेल्या म्हाताऱ्या होत्या त्यात. त्या तालुक्यातल्या बाईला बोलता येत नाही असं तुला वाटतं? ती तुझ्यापुढे बोलत नाही. तिचं पुढच्या महिन्याचं नाव तुझ्या यादीतून जातं, म्हणून बोलत नाही. सोमवारी तू जशी खाली मान घालून बसतेस, तशीच ती महिन्याच्या बैठकीत बसते, आणि तुझ्या सरांना तू समजूतदार वाटत असशील जशी ती तुला वाटते.

बाळा, तुझी झोप उडालीय ती फक्त भिरकावलेल्या अहवालानं उडालेली नाही, असं मला फार वाटतं. ज्या गोष्टीचं काहीच वाटत नाही ती माणूस कंसात घालत नाही, लिहीतच नाही.

सोडू की राहू, याचं उत्तर मी आज देणार नाही. आधी एवढं एक कर. येत्या सोमवारी बैठकीला जायच्या आधी पावतीबुक हिशेबनिसाच्या टेबलावर ठेव. त्याआधी तू फाडलेल्या पावत्यांच्या स्थळप्रतींचे फोटो काढून घे. सोबत दोन ओळींचं पत्र दे: प्रेरिकांच्या मानधनातून मी यापुढे कोणतीही रक्कम जमा करणार नाही. खाली सही, तारीख. आवक शिक्का मारून पोच घे, शिक्का देत नसतील तर तेच पत्र ईमेलनं विश्वस्तांना पाठव, एकट्या सरांना नको. संस्था सरांच्या एकट्याची नाही. १९५०च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिला हिशेब द्यावा लागतो, आणि सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय नाशिकातच आहे.

सर ओरडतील. ते एरवीही ओरडतातच. यावेळी निदान कशासाठी ओरडतात ते तुला माहीत असेल. काढून टाकलं तर मला त्याच दिवशी लिही, पुढचं आपण बघू. आणि सोडून गेलेल्या त्या दोघींना आजच फोन कर. कुणाशी बोलायचं ते सरांनी ठरवायचं नसतं.

मग सुरगाण्याला जा. बैठकीत सवयीनं कुणीतरी घडी घातलेली पाचशेची नोट पुढे करेलच. ती तिच्याच मुठीत परत दे. सगळ्यांदेखत सांग की आजवर घेतले ते चुकलं, आणि किती घेतले ते एकेकीच्या नावापुढे वाचून दाखव. त्यानंतर गप्प बस आणि त्या काय बोलतात ते ऐक. मला त्यांचं बोलणं कळव.

— मावशी