"हे रडलेच नाहीत"

बाळ जन्माआधीच गेलं, की समुपदेशनाला आलेली बाई आज ना उद्या हे विचारतेच: "हे रडलेच नाहीत. यांना काहीच वाटलं नसेल का?"

अशाच एका जोडप्यातल्या नवऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं, "मी ठीक आहे. हिचं बघा." शेवटी मी प्रश्न बाजूला ठेवले आणि एक फोटो पुढे सरकवला. केटे कोलविट्झ या जर्मन कलावतीचा धाकटा मुलगा पेटर १९१४ मध्ये, अवघ्या १८व्या वर्षी, युद्धात मारला गेला. त्याच्यासाठी तिने केलेली आईबापांची शिल्पं पुरी व्हायला १९३२ उजाडलं. बेल्जियममध्ये व्लाड्स्लोच्या सैनिकी दफनभूमीत ती आहेत. आई पार वाकलेली. बापही गुडघ्यांवर, पण ताठ, हात स्वतःभोवती आवळलेले.

"हा काय करतोय?" मी विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला. "धरून ठेवलंय त्याने."

"कुणाला?"

"स्वतःलाच. सोडलं तर कोसळेल. मग तिच्याकडे कोण बघणार?"

बायकोने चमकून वर पाहिलं. त्याचेही हात तसेच छातीशी बांधलेले होते. ते त्याच्याही लक्षात आलं. त्याने हात सैल सोडले आणि मग त्याला हुंदका आवरला नाही. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दोघं शेजारी आहेत, पण चौथरे वेगवेगळे."

त्या एका वाक्यात तिने दोघांचं सगळं वर्ष सांगितलं. 'तुला काय वाटतं?' असं समोर बसवून विचारलं की पुष्कळ पुरुषांना ती झडती वाटते. चित्रातल्या माणसाबद्दल बोलताना मात्र त्यांना स्वतःचा बचाव करावा लागत नाही. म्हणून मी चित्रांवर इतका भर देते, आणि या वाटेने बोलते झालेले पुरुष पाहिले की आपलं काम सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

घरीही हे जमतं. शेजारी बसा, एखादं चित्र किंवा जुना फोटो मिळून बघा, आणि त्यातल्या माणसाबद्दल विचारा. तो बोलू लागला की लगेच "मग मला का नाही सांगितलंस?" म्हणू नका, तो तिथेच मिटतो. रडला तर गप्प करायची घाई नको. पण झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो म्हणत असेल, तर चित्रांवर विसंबू नका. त्याला लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.